पिझ्झा चाखण्याआधी भट्टी पाहा

लोणावळ्यात शनिवारी संध्याकाळी पिझ्झा मिळणं अवघड नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, एक्स्प्रेस वेच्या फूड मॉलमध्ये, पवनेकाठच्या रिसॉर्टांत, चिक्कीच्या दुकानांच्या गर्दीतही तो असतो. ‘वुड फायर्ड’, ‘ऑथेंटिक इटालियन’ अशा पाट्या असतात. पाटी रंगवायला फारसं काही लागत नाही. मावळात नेपल्सच्या रीतीचा पिझ्झा शोधायचा असेल, तर तो बनतो कसा हे आधी समजून घ्यावं. मग मेनूकार्ड हातात येण्याआधीच निम्मा निकाल लागतो.

‘खरा’ कशाला म्हणायचं, हा वाद नेपल्सकरांनी कागदावर आणला. १९८४ मध्ये तिथल्या पिझ्झावाल्यांनी संघटना काढली, २०१० मध्ये युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदणी दिली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने तो बनवण्याच्या कलेला वारसा यादीत घेतलं. युरोपीय नियमांत मापं आहेत. व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कड १ ते २ सेंटिमीटर उंच, मधला भाग जेमतेम ४ मिलिमीटर, भट्टी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद. रोममध्ये पिझ्झा कुरकुरीत असतो, न्यूयॉर्कमध्ये मोठा आणि घडी घालून खाण्याजोगा. तेही खरेच, पण त्यांचे नियम वेगळे.

आता पीठ. नियमाप्रमाणे १ लिटर पाण्याला सुमारे १ किलो ८०० ग्रॅम पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि यीस्ट फक्त ३ ग्रॅम. साखर नाही, तेल नाही. एवढ्याशा यीस्टवर पीठ फुगायला वेळ लागतो. आधी दोन तास, मग १८० ते २५० ग्रॅमचे उंडे करून आणखी चार ते सहा तास. आजकाल बरेच कारागीर एक-दोन दिवस थंडाव्यातही ठेवतात. या वेळात पिठातला स्टार्च थोडा थोडा साखरेत मोडतो, चव उतरते आणि ग्लुटेन सैल पडतं. यीस्ट भरपूर घातलं की तासाभरात फुगवटा येतो, पण त्या पिठाला यीस्टचा उग्र वास येतो आणि पोटालाही ते जड वाटतं. साखर टाळण्यामागेही कारण आहे. घरच्या ओव्हनमध्ये रंग यावा म्हणून ती लागते, ४८५ अंशांवर तीच करपते. म्हणजे पिठाची कृती भट्टीला धरून ठरते.

फुगलेला उंडा लाटायचा नसतो. भाकरी थापतो तसा तो बोटांनी मधून बाहेर सारत न्यायचा, म्हणजे आतली हवा कडेकडे सरकते आणि तीच पुढे भट्टीत फुलते. लाटणं फिरवलं किंवा यंत्रात दाबलं की ती हवा जाते आणि कड सपाट राहते. काचेपलीकडे स्वयंपाकघर दिसत असेल तर एवढंच पाहा. बेकरीतून आणलेले तयार बेस थप्पीने रचलेले दिसले, तर पुढची चौकशी करायची गरज नाही.

भट्टीत तीन गोष्टी एकाच वेळी होतात. फरशीची उष्णता तळाला थेट मिळते, घुमटातून ती वरून प्रारणाने येते आणि मध्ये गरम हवा फिरत राहते. पाण्याची वाफ इतक्या वेगाने होते की कड फुलते, तिच्यावर काळे-करडे ठिपके पडतात आणि आतला ओलावा पळून जाण्याआधीच पिझ्झा बाहेर येतो. म्हणून मधला भाग मऊ, थोडा ओलसर राहतो. साध्या ओव्हनच्या २५०-३०० अंशांवर हेच काम सहा-आठ मिनिटं चालतं आणि बेस टोस्टासारखा वाळतो. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाची तक्रार मात्र उलटी असते: ‘मध्ये कच्चा आहे, कडेला जळलाय.’ १९९६ मध्ये डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले आणि दोन पिढ्यांची जीभ त्यांच्या जाड, लुसलुशीत बेसवर घडली, तेव्हा ही तक्रार समजण्याजोगी आहे. तिला घाबरून दुकानदार पिझ्झा आणखी दोन मिनिटं आत ठेवतो, आणि मग भट्टी असूनही उपयोग उरत नाही.

लाकडाबद्दल एक गैरसमज आहे. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या मॅप्रो गार्डनसारख्या ठिकाणांमुळे लाकडावरचा पिझ्झा मराठी कुटुंबांच्या सहलीत ओळखीचा झाला, तेव्हापासून ‘धुराची चव’ हा शब्द ऐकू येतो. दीड मिनिटात धुराची चव फारशी लागत नाही. लाकूड हवं ते उष्णतेसाठी. पावसाळ्यात तर याची परीक्षाच होते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओलं सरपण स्वतःचं पाणी उडवण्यातच आपली उष्णता घालवतं, धूर करतं आणि फरशी तापत नाही. त्यामुळे चांगला पिझ्झावाला मे महिन्यातच सरपण भरून झाकून ठेवतो. मैदाही जुलैत हवेतला ओलावा धरतो, तेव्हा पाणी थोडं कमी करावं लागतं. थंडाव्यात उंडे सावकाश फुगतात, उन्हाळ्यात बघता बघता फुगून एकमेकांना चिकटतात. बारा महिने एकच माप वापरणाऱ्याचा पिझ्झा बारा महिने वेगळा लागतो. नेपल्सच्या संघटनेने आता काही गॅस आणि विजेच्या भट्ट्यांनाही मान्यता दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकरी भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हे पाहता लाकडाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. विचारायचं ते तापमान.

चीजची गंमत निराळी आहे. नेपल्सचं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं आणि मावळात म्हशींना तोटा नाही. तरी आपल्याकडे पिझ्झ्यावर पडतं ते बहुतेक कमी ओलाव्याचं, किसून घालायचं मोझरेला. मंचर आणि बारामतीच्या मोठ्या डेअऱ्यांतून आपल्याच जिल्ह्याचं चीज देशभर जातं. त्यात कमीपणा नाही, कारण मंद ओव्हनमध्ये तेच चालतं. ताजं, पाण्यात ठेवलेलं मोझरेला सहा मिनिटं तापलं तर पिझ्झ्यावर डबकं होतं. ९० सेकंदांच्या भट्टीत मात्र ते जागच्या जागी वितळतं. वनस्पती तेलाचं ‘अॅनालॉग’ हे खरं फसवं, थंड झालं की रबरासारखं होतं. शाकाहाऱ्यांसाठी एक गोष्ट: इटलीतलं पारंपरिक म्हशीचं मोझरेला बनवताना दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, भारतातल्या मोठ्या डेअऱ्या सूक्ष्मजीवांपासूनचं. आयात चीजचा डबा दिसला तर हिरवा ठिपका शोधा.

टोमॅटो शिजवलेला नसावा, फक्त कुस्करून मीठ घातलेला असावा. नारायणगावच्या बाजारातले टोमॅटो ट्रकचा प्रवास सोसतील असे टणक असतात. इटलीच्या सॅन मार्झानो टोमॅटोसारखा गर त्यांच्यात नसतो. म्हणून काही जण ते निथळून घेतात. हे चालतं. साखर आणि भरपूर ओरेगॅनो घातलेला गोडसर सॉस दुसऱ्या जातीचा. वरचं बेसिल तर आपल्या सब्जाच्याच प्रजातीचं आहे, तेव्हा ताजी पानं मिळत नाहीत ही सबब मानू नये.

पनीर मखनी पिझ्झ्याला माझा विरोध नाही. पावसात भिजून आल्यावर तो झकास लागतो. त्याला नेपल्सचं नाव देऊ नये, एवढंच.

परीक्षेसाठी मार्गारिटाच मागवा, तिच्यात लपवायला जागा नसते. जैन मंडळींनाही सोयीची, कांदा-लसूण मुळातच नाही. शक्यतो मंगळवार-बुधवारी जा. प्रत्येक पिझ्झा फरशीतली उष्णता ओढून घेतो, ती परत तापायला वेळ लागतो. शनिवारी भुशी डॅमवरून उतरलेली गर्दी एकदम आली की चांगल्या भट्टीचाही तळ पांढुरका निघतो. पिझ्झा आला की एक तुकडा उचलून तळ बघा: ठिपके हवेत, सरसकट तपकिरी रंग नको. कड तोडून आतली जाळी बघा. आणि नऊ वाजता कोणी ‘आजचं पीठ संपलं’ म्हणून परत पाठवलं, तर रागावू नका. ते दुकान लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी लवकर जा. पार्सल मात्र घेऊ नका. खोक्यातल्या वाफेत असा पिझ्झा दहा मिनिटांत लोळागोळा होतो.