विन्ह सान : हद्दपार राजा आणि युद्धकालीन सेनाधिकारी

पराधीन देशाचा एक तरुण राजा परकी सत्तेविरुद्ध उठाव करतो, सिंहासन गमावून हद्दपार होतो आणि सव्वीस वर्षांनी त्याच सत्तेच्या सैन्यात दाखल होतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. व्हिएतनामचा राजा दुय तान, म्हणजेच राजपुत्र विन्ह सान (१९००-१९४५), याचे चरित्र असे आहे. त्याला १९१६ चा बंडखोर म्हणूनच पाहिले, तर त्याच्या लष्करी सेवेचा अर्थ लागत नाही; १९४५ चा फ्रेंच अधिकारी म्हणूनच पाहिले, तर त्याच्या अखेरच्या मागण्यांचा लागत नाही. या दोन टोकांमध्ये काही सुसंगती आहे की काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांनी व्हिएतनामचे तीन तुकडे केले. दक्षिणेचा कोचीनचायना ही प्रत्यक्ष वसाहत झाली. मध्य भागातील अन्नाम आणि उत्तरेकडील तोंकीन हे प्रदेश १८८४ च्या तहाने संरक्षित प्रदेश ठरले. ह्वे येथील राजगादी फ्रेंचांनी मोडली नाही. परंतु तीवर कोणी बसावे आणि किती काळ बसावे, हे ठरविण्याचा अधिकार व्यवहारतः आपल्या हाती घेतला. हाम न्घी या राजाने १८८५ मध्ये प्रतिकार पुकारला. त्याला पकडून अल्जीरियात पाठविण्यात आले. पुढे थान्ह थाय हा राजा फ्रेंचांना जुमानीना, तेव्हा १९०७ मध्ये तो वेडा असल्याचे जाहीर करून त्याला पदच्युत करण्यात आले आणि त्याचा सुमारे सात वर्षांचा मुलगा विन्ह सान गादीवर बसविण्यात आला. बालराजा आपल्या मुठीत राहील, हा त्यामागील हिशेब उघड होता.

नव्या राजाला मिळालेले ‘दुय तान’ हे नाव मात्र अर्थपूर्ण होते. त्याचा अर्थ नवीकरण. जपानच्या मेइजी परिवर्तनाला जी संज्ञा आहे, तीच ही होय. १९०४ मध्ये फान बोय चाऊ या क्रांतिकारकाने स्थापिलेल्या संघटनेचे नावही हेच होते.

२. १९१६ चा उठाव

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने इंडोचायनातून सैनिक व मजूर मिळून सुमारे ९०,००० लोक युरोपात नेले. या भरतीमुळे असंतोष वाढला आणि क्रांतिकारकांना संधी दिसली. थाय फियेन आणि त्रान काव वान या दोघांनी राजाशी गुप्तपणे संधान बांधले. मासे पकडण्याच्या मिषाने त्यांची भेट झाली, असे सांगतात. युरोपात जाण्यासाठी ह्वे येथे ठेवलेल्या देशी सैनिकांनी शस्त्रे उचलावीत आणि राजाने राजवाडा सोडून उठावाचे नेतृत्व करावे, अशी योजना ठरली.

मे १९१६ च्या आरंभी ठरलेल्या रात्री राजा वेषांतर करून बाहेर पडला. तथापि बेत आधीच फुटला होता. फ्रेंचांनी देशी सैनिकांची शस्त्रे काढून घेतली होती. थोड्याच दिवसांत राजा पकडला गेला. पुन्हा गादीवर बसण्याची सूचना त्याने नाकारली. थाय फियेन आणि त्रान काव वान यांनी सर्व दोष आपल्या शिरावर घेतला आणि त्याच महिन्यात त्यांचा शिरच्छेद झाला. राजाचा प्राण वाचला. पण त्याला आणि त्याचा पिता थान्ह थाय याला हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर हद्दपार करण्यात आले. नोव्हेंबर १९१६ मध्ये पितापुत्र तेथे पोहोचले. पुढच्याच महिन्यात ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत मरण पावला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पदच्युत राजांना दूरच्या भूमीत ठेवण्याची रीत दोन्ही साम्राज्यांत सारखीच होती.

३. हद्दपारीचे दिवस

रेयुनियाँ हे फ्रेंचांचे ठरावीक बंदिस्थान होते. मादागास्करची राणी रानावालोना हिला प्रथम तेथेच ठेवले होते. १९२६ मध्ये मोरोक्कोतील रिफ प्रदेशाचा नेता अब्द-अल-क्रीम तेथे आणला गेला. थिबाची हद्दपारी एका मोठ्या वाड्यात, भूतकाळाच्या सावलीत गेली. विन्ह सानची तशी गेली नाही. राजपणाचा डौल त्याने टाकून दिला. सँ-दनी या राजधानीत त्याने अभ्यास केला, व्हायोलिन आणि अश्वारोहण यांचा छंद जोपासला, वृत्तपत्रांतून लेखन केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिनतारी यंत्रविद्येत तो निष्णात झाला; रेडिओची दुरुस्ती हा त्याचा व्यवसायच होता. फ्रेंच सैन्यात घ्यावे, ही त्याची विनंती युद्धापूर्वी सरकारने मान्य केली नाही.

४. युद्ध

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. सेनापती द गॉल याने लंडनहून प्रतिकाराची हाक दिली. रेयुनियाँचा गव्हर्नर जर्मनांपुढे नमलेल्या विशी सरकारच्या बाजूस राहिला. बेट एकाकी पडले. अशा वेळी रेडिओ जाणणारा हा हद्दपार राजा बाहेरील वार्ता मिळवून पसरवू लागला. त्याबद्दल १९४२ मध्ये त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्वतंत्र फ्रेंचांची ‘लेओपार’ ही विनाशिका बेटावर आली आणि विशी सत्ता संपुष्टात आली. विन्ह सान त्या नौकेवर बिनतारी विभागात रुजू झाला. पुढे भूसेनेत त्याने खालच्या पदापासून सेवा केली. १९४५ च्या उन्हाळ्यात तो युरोपात आला, तेव्हा तेथील युद्ध संपले होते; जर्मनीच्या व्यापलेल्या प्रदेशात नवव्या वसाहती पायदळ डिव्हिजनच्या कार्यालयात त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याला मेजरच्या तोलाचा हुद्दा मिळाला.

या सेवेत शरणागती पाहणे चुकीचे ठरेल. परक्यांनी व्यापलेल्या राष्ट्राला प्रतिकाराचा हक्क आहे, हे तत्त्व १९१६ मध्ये त्याला फ्रान्सविरुद्ध घेऊन गेले, तर १९४० मध्ये पराभूत फ्रान्सच्या बाजूस. जो हक्क फ्रेंच स्वतःसाठी मागत होते, तो आपल्या देशाला नाकारणे त्यांना अवघड जावे, ही अपेक्षा त्यातून सहज निघते.

५. योजना आणि अंत

ही अपेक्षा कितपत खरी होती? मार्च १९४५ च्या फ्रेंच घोषणेने इंडोचायनाच्या संघराज्याची कल्पना मांडली. पण त्यात व्हिएतनामचे तीन तुकडे कायम होते. विन्ह सानची मागणी याच्या नेमकी उलट होती. तिन्ही प्रदेशांचे एक राष्ट्र व्हावे आणि त्याला स्वातंत्र्य मिळावे, असे त्याच्या राजकीय निवेदनात आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९४७ मध्ये, पॅरिसच्या ‘काँबा’ या पत्रात प्रसिद्ध झाले.

डिसेंबर १९४५ च्या मध्यास त्याची द गॉलशी भेट झाली. बाओ दाय घटनांच्या ओघात निष्प्रभ ठरला, तर या माजी राजाला पुढे आणण्याचा गुप्त बेत आपल्या मनात होता, असे द गॉलने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युद्धस्मृतींच्या तिसऱ्या खंडात नमूद केले आहे. भेटीनंतर कुटुंबाला भेटण्यासाठी विन्ह सान विमानाने रेयुनियाँकडे निघाला. २६ डिसेंबर १९४५ रोजी उबांगी-शारी वसाहतीत, आजच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, म्बाइकीजवळ विमान कोसळले आणि त्याचा अंत झाला. घातपाताची शंका पुष्कळांनी व्यक्त केली; तिला आधार देणारा पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

तो जगता, तर इंडोचायनातील युद्ध टळते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुरावा त्याला अनुकूल नाही. द गॉलने २० जानेवारी १९४६ रोजी सत्ता सोडली. म्हणजे योजनेचा कर्ताच महिन्याच्या आत बाजूला झाला. शिवाय हो चि मिन्ह याने २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत प्रजासत्ताक घोषित केले होते, आणि देशाने विन्ह सानला एकोणतीस वर्षे पाहिलेही नव्हते. परकी सैन्याबरोबर परतणाऱ्या राजाचे स्वागत कसे झाले असते, हा प्रश्नच आहे.

त्याचे महत्त्व निराळे आहे. ज्या ऐक्याचा त्याने आग्रह धरला, तोच प्रश्न पुढे निर्णायक ठरला. जून १९४६ मध्ये फ्रेंच उच्चायुक्ताने कोचीनचायनाचे वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले. त्या उन्हाळ्यातील फाँतेनब्लोच्या वाटाघाटी मुख्यतः याच मुद्द्यावर फिसकटल्या आणि डिसेंबरात युद्ध पेटले. १९४९ मध्ये फ्रान्सने तेच ऐक्य बाओ दायच्या राज्यासाठी मान्य केले. पण तोवर फार उशीर झाला होता.

१९८७ मध्ये विन्ह सानचे अवशेष आफ्रिकेतून ह्वे येथे नेऊन पित्याच्या समाधीशेजारी ठेवण्यात आले. ज्या प्रजासत्ताकाने राजेशाही नष्ट झाल्याचे मानले, त्याच्याच भूमीत त्याला हे स्थान मिळाले. फ्रेंच गणवेश अंगावर असतानाही त्याची मूळ मागणी बदलली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सन्मानात विसंगत असे काही उरत नाही.