सुपरहिरो की स्वतंत्र कॉमिक्स? अमेरिकी वाचकाची बदलती आवड

■ १९३८ : ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि सुपरहिरोंचं युग सुरू झालं.

■ १९५४ : प्रकाशकांनी मजकुरावर बंधनं घालणारा ‘कॉमिक्स कोड’ स्वतःवर लादून घेतला. भयकथा आणि गुन्हेकथा आटल्या.

■ १९६८ : सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब यांचा ‘झॅप’ निघाला. कोड झुगारणाऱ्या ‘अंडरग्राउंड’ कॉमिक्सना वाचक मिळाला.

■ १९७०चं दशक : खास कॉमिक्सची दुकानं वाढली. ती आगाऊ मागणी नोंदवत आणि उरलेल्या प्रती परत करत नसत. त्यामुळे किती प्रती छापायच्या हे आधीच कळू लागलं आणि छोट्या प्रकाशकांची जोखीम घटली.

■ १९८६ : आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चा पहिला खंड आला. नाझी छळाच्या या कथेला १९९२मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

■ १९९१-९६ : मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘एक्स-मेन’ या सुपरहिरोंच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती दुकानांत गेल्या. पुढे भाव वाढेल म्हणून अनेकांनी एकेका अंकाच्या कित्येक प्रती घेतल्या होत्या. १९९२मध्ये सात चित्रकारांनी ‘इमेज’ ही प्रकाशनसंस्था काढली. पात्रांची मालकी निर्मात्यांचीच, हे तिचं तत्त्व. पुढे भाववाढीच्या आशेवरच्या खरेदीचा, म्हणजे सट्ट्याचा, फुगा फुटला आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

■ २००३ ते आज : ‘इमेज’च्या ‘द वॉकिंग डेड’ आणि ‘सागा’ (२०१२) यांनी सुपरहिरोंशिवायही मोठा वाचकवर्ग उभा केला. ‘सागा’चे लेखक ब्रायन वॉन यांनी त्याआधी मार्व्हलसाठी ‘रनअवेज’ लिहिली होती. लेखक दोन्हीकडे वावरतात, तसेच वाचकही. त्यांना बांधून ठेवते ती चांगली कथा.