दुकानाचं नाव शेवटी

समजा, मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात आपलं कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात बियाण्यांच्या जाहिराती भिंतीभिंतीवर लागतात, त्यांत आपली एक. त्याऐवजी शेतकऱ्याच्या कामाचा छोटा लेख छापून फुकट वाटता येतो. कल्पना जुनीच आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना लोखंडी नांगर करायचा. तिथे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याचं मुखपत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं आणि पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. आपल्याला एक पान पुरे.

आधी विषय. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा जे विचारतं, तोच घ्यावा. आपल्याकडे मुख्य पीक भात, आणि घरचं बी पेरणारे अजून आहेत. तेव्हा 'घरच्या बियाण्याची निवड कशी करावी' हा विषय झाला. त्याच पानात भेंडीवरचा केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) कोंबला की दोन्ही अर्धवट राहतात.

मग मजकूर. 'बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्यावर करायचे उपचार) महत्त्वाची आहे' एवढ्याने कोणाचं काम होत नाही. असं लिहावं: 'दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात बी ओतून ढवळा, पाणी स्थिर होऊ द्या. वर तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सावलीत वाळवा.' यातली धुण्याची ओळ हमखास गळते, कारण लिहिणाऱ्याला ती गृहीतच असते. म्हणून घरातल्या कोणाला तरी नुसता कागद वाचून तसं करायला सांगावं. जिथे तो अडेल, तिथे एक ओळ कमी आहे.

घरचं बी सुधारलं तर आपल्या पिशव्या कोण घेणार, असं मनात येईल. चार पिशव्या कमी खपतीलही. पण खत लागतंच, औषध लागतंच, आणि ते घ्यायला माणूस भरवशाच्या दुकानाची पायरी चढतो. औषधांबद्दल लिहिताना मात्र जपावं. लेबलवर ज्या पिकासाठी जेवढं प्रमाण दिलंय, त्यापलीकडे एक अक्षर छापू नये.

दुकानाचं नाव, पत्ता, फोन तळाशी दोन ओळींत. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. वर मालकाचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, मधे 'आमच्याकडे सर्व प्रकारची...', मग कागदाची घडी थेट खिशात आणि खिशातून गटारात.

छापण्याआधी प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, मागून घ्यावं. छापखान्यात फॉन्ट बदलला की जोडाक्षरं तुटतात, ते एक वेळ चालेल. आकडे मात्र मोठ्याने वाचावेत. ३०० चे ३० झाले तर ते जवळपास साधं पाणीच, अर्धवट भरलेलं बीही तळाशी बसेल आणि शेतकरी पावसाळाभर आपलं नाव घेईल.

आता वाटप. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्याच्या आठ-दहा दिवस आधी कागद हातात पडावा. पेपरात घालून दिलेले कागद स्टेशनच्या आसपासच संपतात, पाड्यावर पोचत नाहीत. त्यापेक्षा विविध कार्यकारी सोसायटी, पिठाची गिरणी, दूध डेअरी इथे थोडे थोडे ठेवावेत. सरळगावच्या आठवडे बाजारात स्वतः उभं राहून, दोन शब्द बोलून द्यावेत. पौषातली म्हशाची यात्रा गर्दीला मोठी, पण तिथे बियाण्याचा कागद वाटला तर तो भज्यांखालीच जायचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर अक्षर मोठं ठेवावं. दुकानाचं नाव चित्रातच असावं, कारण पुढे ढकलताना सोबतचा मजकूर मागे राहू शकतो.

लगेच गल्ला मोजू नये. कोणी कागद दाखवत 'हे मीठ कोणतं, खडे की बारीक?' असं विचारलं, तर प्रश्न वहीत टिपावा आणि पुढच्या वर्षी ती ओळ वाढवावी. तोवर दुसरा कागद तयार करता येईल, भात कापून झाल्यावर वाटायचा, भेंडीच्या केवड्याचा.