तारणासाठी जलबाप्तिस्मा अनिवार्य आहे काय? : कॅथलिक विचारातील एका वादाचे स्वरूप

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा पहिला संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. मराठी भाषक कॅथलिक समाजात त्यास स्नानसंस्कार असेही म्हटले जाते. पाणी व त्रैक्याच्या नावाचा उच्चार ही या संस्काराची आवश्यक अंगे होत. पाणी व आत्मा यांच्याद्वारे नवा जन्म घेतल्याविना देवाच्या राज्यात प्रवेश नाही, या आशयाचे येशूचे वचन योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येते. या वचनाचा शब्दशः अर्थ घेतल्यास, संस्कारापूर्वीच मृत्यू पावलेल्यांचे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. कॅथलिक चर्चचे या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीची भूमिका

तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चबाहेर तारण नाही, हे मत कठोरपणे मांडले. तथापि, बाप्तिस्म्याची तयारी करीत असताना श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या दीक्षार्थीस रक्ताचा बाप्तिस्मा लाभतो, हे त्यांनाही मान्य होते. इ. स. ३९२ मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याविना मरण पावला. त्याच्या शोकाकुल बहिणींचे सांत्वन करताना मिलानचे बिशप अँब्रोज यांनी, त्याने संस्काराची मनापासून मागणी केली होती, हाच आशेचा आधार मानला. इच्छाजन्य बाप्तिस्म्याच्या कल्पनेचे मूळ येथे दिसते. अर्भकास मात्र इच्छा प्रकट करता येत नाही. आदिपापाचा सिद्धांत मांडणाऱ्या ऑगस्टीन यांनी अशा बालकांच्या वाट्याला सौम्य का होईना, पण शिक्षाच येते असे म्हटले. ही कठोरता सौम्य करण्यासाठी मध्ययुगीन विचारवंतांनी 'लिंबो' या, यातना नसलेल्या परंतु ईश्वरदर्शनापासून वंचित अशा अवस्थेची कल्पना विकसित केली.

ट्रेंटची धर्मपरिषद

इ. स. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दोन विधाने केली. जानेवारीतील निर्णयात, पुनर्जन्माचे स्नान 'अथवा त्याची इच्छा' यांविना मनुष्य नीतिमान ठरत नाही, असे सांगितले. मार्चमधील नियमांत, बाप्तिस्म्यासाठी खरेखुरे पाणी आवश्यक असून हा संस्कार ऐच्छिक नाही, असे बजावले. पुढील वाद मुख्यतः या दोन विधानांची सांगड कशी घालावी याविषयीचा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १५४२ मध्ये गोव्यास आलेले फ्रान्सिस झेवियर पुढे जपानला गेले. तेथील नवख्रिस्ती लोक आपल्या मृत पूर्वजांच्या गतीविषयी व्याकूळ होऊन विचारीत. त्यांची सुटका नाही, हे उत्तर ऐकून ते रडत, असे झेवियर यांनी १५५२ मधील पत्रात नमूद केले आहे.

विसाव्या शतकातील वाद

अमेरिकेतील बोस्टन येथील जेझुइट धर्मगुरू लिओनार्ड फीनी यांनी १९४० च्या दशकात कठोर अर्थाचा पुरस्कार केला. इच्छेने मनुष्य नीतिमान ठरू शकेल, परंतु पाण्याविना तारण पावणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोमच्या होली ऑफिसने ८ ऑगस्ट १९४९ च्या पत्रात हा अर्थ नाकारला. अज्ञानामुळे प्रकट इच्छा नसली तरी ईश्वराच्या इच्छेशी एकरूप होण्याची अव्यक्त इच्छा पुरेशी ठरू शकते. मात्र तिला श्रद्धा व परिपूर्ण प्रीती यांची जोड हवी, असा खुलासा त्यात होता. फीनी यांना १९५३ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. त्याचे औपचारिक कारण मात्र आज्ञाभंग हे होते. १९७२ मध्ये त्यांचा चर्चशी समेट झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमान न कळलेल्या पण प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेणाऱ्यांनाही तारण मिळू शकते, असे मान्य केले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने, ईश्वराने तारण बाप्तिस्म्याशी बांधले असले तरी तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, असे सूत्र मांडले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्म्याविना मृत अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे नमूद केले. त्याच वेळी ही आशा आहे, निश्चित ज्ञान नव्हे, हेही स्पष्ट केले. लिंबोची कल्पना एक शक्य मत म्हणून त्याने पूर्णतः बाद केली नाही.

निष्कर्ष

या वादात 'आवश्यक' या शब्दाचे दोन अर्थ गुंतलेले दिसतात. ज्यास शुभवर्तमान कळले व संस्कार मागणे शक्य आहे, त्याच्यावर बाप्तिस्म्याचे बंधन आहे. हा अर्थ चर्चने कधीही सोडलेला नाही. परंतु हे बंधन ईश्वराच्या कृपेलाही मर्यादा घालते, हा दुसरा अर्थ चर्चने स्वीकारला नाही. अव्यक्त इच्छा पुरेशी असेल तर धर्मप्रचाराची निकड काय, हा फीनींच्या बाजूचा आक्षेप मात्र या भेदाने पूर्णतः निकालात निघत नाही. तसेच, बाप्तिस्म्यापूर्वीच अर्भक गमावलेल्या मातेला चर्च आजही निश्चितीचे आश्वासन देत नाही. ते तिला आशा ठेवण्यास सांगते. जपानमधील नवख्रिस्तींना १५५२ पूर्वी मिळालेल्या उत्तराशी तुलना करता, हा बदल किती दूरचा आहे हे ध्यानात येते.