लाल किल्ला, दिल्ली

दिल्ली येथील मोगलकालीन राजवाड्याचा प्रसिद्ध किल्ला. शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवून शाहजहानाबाद हे नवे शहर वसविले. त्याच्या पूर्व अंगास यमुनेकाठी १६३९–४८ दरम्यान हा किल्ला बांधण्यात आला. तांबड्या वालुकाश्माच्या तटाचा घेर सु. २·४ किमी. असून पश्चिमेकडील लाहोरी दरवाजा हे मुख्य प्रवेशद्वार होय. तेथून छत्ता बाजार, नौबतखाना व दिवाण-इ-आम यांवरून नदीच्या बाजूच्या संगमरवरी महालांकडे जाता येते. महालांतून खेळविलेल्या नहर-इ-बिहिश्त या पाण्याच्या पाटाचे आता केवळ पात्र उरले आहे.

हिरवळीवर सुट्या उभ्या असलेल्या इमारती पाहून मूळ रचना अशीच असावी, असा समज होतो. तो बरोबर नाही. प्रांगणे, ओवऱ्या व जनानखान्याचे महाल यांनी त्या परस्परांशी जोडलेल्या होत्या. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आतील बहुतेक बांधकाम पाडले व लष्करासाठी बराकी उभारल्या. मोगल वास्तुकलेची याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल. लूट मात्र त्यापूर्वीही झाली होती. १७३९ मध्ये नादिरशाहने मयूरासन नेले. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडली. त्याच दालनात १८५८ मध्ये बहादुरशाह जफर याच्यावर खटला चालला. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटलाही १९४५ मध्ये किल्ल्यातच सुरू झाला. २००७ मध्ये किल्ल्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. काही बराकींत २०१९ मध्ये संग्रहालये उघडण्यात आली.