प्रकृती आणि जनुके : एका संशोधनयादीचे वाचन

डॉ. भूषण पटवर्धन यांच्या शोधनिबंधांची यादी चाळताना सहलेखकांची नावे आम्हांस अधिक बोलकी वाटली. २००५ च्या निबंधात कल्पना जोशी व संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा होते. (दौंडपलीकडील भिगवण येथे १९९६ साली सांधेदुखीची पाहणी करणारे हेच चोप्रा.) तो अभ्यास अवघ्या ७६ जणांचा, एचएलए जनुक व प्रकृती यांत काही संबंध दिसतो, एवढेच त्यातून निघाले. २०१५ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज यांच्या चमूसमवेतचा निबंध 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. त्यात ३४१६ व्यक्ती तपासून स्पष्ट प्रकृतीचे केवळ २६२ पुरुष निवडले गेले. जनुकसंचातील ५२ स्थानी प्रकृतिभेदानुसार फरक आढळला. पीजीएम-१ हे जनुक पित्तप्रकृतीशी जुळले.

शिरूर-दौंडकडे आपल्या चिकित्सालयांत येणारा रुग्ण मात्र बहुधा द्वंद्वज प्रकृतीचाच असतो. तेव्हा जनुकतपासणीवरून प्रकृती सांगण्याची जाहिरात औषधालयचालकांनी या निबंधाच्या आधारे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रकृतिपरीक्षण वैद्यानेच करावे, आणि ते केसपेपरवर लिहून ठेवावे. पुढील संशोधकांस त्याच नोंदी लागतील.