स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तिची पूर्वपरीक्षा

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची इच्छा धरून येणाऱ्या रुग्णाची आणि शस्त्रवैद्याची भेट आरंभीच होत नाही. तत्पूर्वी त्याला फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ ह्यांच्यापुढे जावे लागते. रक्ताची, निद्रेची, प्रसंगी दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी करून घ्यावी लागते. आणि हे सर्व अहवाल जमल्यानंतर, पुष्कळदा काही महिन्यांनी, शस्त्रवैद्याचे दार उघडते. शल्यकर्माच्या रूढ परंपरेत हा क्रम उलट आहे. अंतर्गळाचा अथवा पित्ताशयातील खड्यांचा रुग्ण बहुधा प्रथम शस्त्रवैद्यालाच भेटतो, व आवश्यक त्या तपासण्या शस्त्रवैद्य सांगतो. येथे हा क्रम का पालटला, आणि पालटलेल्या क्रमात रुग्णाच्या हिताचे किती व केवळ अडसर म्हणून उरलेले किती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

क्रम पालटण्याचे कारण इतिहासात सापडते. १९५४ मध्ये मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन ह्यांचा, लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांचे पोषणातील महत्त्व तपासणारा निबंध प्रसिद्ध झाला. आतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळला तर वजन घटते, हे तत्त्व पुढील दोन दशकांत शेकडो स्थूल रुग्णांवर योजिले गेले. वजन घटले खरे. परंतु त्याबरोबर मूत्रखडे, यकृताचे विकार आणि गंभीर कुपोषणही आले. कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत् जोडावी लागली आणि अखेरीस ही पद्धती मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन ह्यांनी जठराच्या बायपासचा मार्ग दाखविला. तो पुष्कळ सुरक्षित ठरला. तरी निरोगी जठरावर शस्त्र चालवून शरीराचा पोषणक्रम कायमचा बदलावयाचा, हे त्यातील मूळ धाडस तसेच राहिले. म्हणूनच मार्च १९९१ मध्ये बेथेस्डा येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या परिषदेने केवळ देहभारांकाची मर्यादा सांगून न थांबता (४० वा अधिक, गंभीर सहविकार असल्यास ३५), रुग्णाची निवड वैद्यक, शल्य, मानसोपचार व आहार ह्या चारही शास्त्रांच्या जाणकारांनी मिळून करावी, असे सुचविले. आजच्या पूर्वपरीक्षेचा पाया तो हाच.

ह्या परीक्षांपैकी शरीरविषयक परीक्षांचे समर्थन सर्वांत सोपे आहे, कारण त्यांच्या निष्कर्षाने शस्त्रक्रियेचे स्वरूपच बदलू शकते. आज दोन शस्त्रक्रिया विशेष प्रचारात आहेत. ‘स्लीव्ह’ ह्या पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी केली जाते. दुसऱ्या, म्हणजे बायपास प्रकारात, जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्यास जोडतात. नळीसारख्या जठरातील दाब वाढत असल्याने आम्ल वर अन्ननलिकेत येण्याची प्रवृत्ती बळावते. ज्याच्या अन्ननलिकेच्या अस्तरात आम्लामुळे आधीच पालट झाला आहे, त्याला स्लीव्हपेक्षा बायपास अधिक योग्य. उलट, बायपासनंतर जठराचा मोठा भाग आतच राहतो, परंतु नेहमीची दुर्बीण तेथवर पोहोचू शकत नाही. तेथे व्रण किंवा गाठ असेल तर ती आधीच पाहिली पाहिजे. नंतर पाहणे दुष्कर आहे. दुर्बिणीचा आग्रह धरला जातो तो ह्यासाठी.

निद्रेच्या परीक्षेची गोष्टही अशीच. अतिस्थूल व्यक्तींमध्ये झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार, म्हणजेच स्लीप ॲप्निया, पुष्कळ आढळतो, आणि बहुसंख्यांना तो आपल्याला आहे हे ठाऊकही नसते. भूल व त्यानंतरची अफूवर्गीय वेदनाशामके श्वसन मंदावतात. अशा रुग्णाच्या बाबतीत पहिली रात्र धोक्याची ठरू शकते. टोरांटो येथे तयार झालेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची सोपी चाचणी ह्याकरिता वापरतात. घोरणे, दिवसा येणारा थकवा, रक्तदाब, मानेचा घेर इत्यादींविषयींच्या ह्या प्रश्नांपैकी पाच वा अधिकांना होकार आल्यास धोका मोठा समजतात व निद्रेची सविस्तर तपासणी करवितात.

आहारतज्ज्ञाच्या कामाविषयी मात्र लोकांत गैरसमज आहे. तो रुग्णाला कमी खाण्याचा उपदेश करण्यासाठी बसलेला असतो, अशी समजूत दिसते. वस्तुतः स्थूल शरीर हे पोषित शरीर असतेच असे नाही. लोह, जीवनसत्त्व ड, फोलेट ह्यांची कमतरता अशा रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वीच आढळते, आणि शस्त्रक्रियेनंतर ती वाढते. थायमिनचा साठा तर शरीरात काही आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबल्या नाहीत तर त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आजन्म घ्यावयाच्या आहेत, हे रुग्णाला पटले आहे की नाही, हे पाहणे आहारतज्ज्ञाच्या परीक्षेचे खरे प्रयोजन होय.

मानसशास्त्रीय परीक्षा ही सर्वांत नाजूक. तिचा हेतू रुग्णाला शहाणा किंवा वेडा ठरविण्याचा नाही, आणि वजन किती घटेल ह्याचे भाकीत करण्याची तिची शक्तीही मर्यादितच आहे. तिची गरज दुसऱ्याच बाजूने सिद्ध होते. अमेरिकेतील १० रुग्णालयांतील १,९४५ रुग्णांच्या अभ्यासात, मद्यासक्तीच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व अधिक तीव्रतेने उतरते, हे त्याचे एक कारण. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युटा राज्यातील मोठ्या अभ्यासात एकूण मृत्युप्रमाण ४० टक्क्यांनी घटलेले दिसले. परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्यांत ५८ टक्के अधिक होते. हे आकडे पाहिल्यावर ही मुलाखत अनावश्यक आहे असे म्हणवत नाही.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. मुलाखत घेणाराच दार उघडणार किंवा बंद करणार, हे रुग्णाला ठाऊक असते. मग मद्यपान, रात्री चोरून खाणे, निराशेचे दिवस ह्यांविषयी तो मोकळेपणाने बोलेल कसा? ज्या माहितीसाठी परीक्षा योजिली, तीच माहिती परीक्षेच्या भयाने दडते. अनुभवी मानसशास्त्रज्ञ म्हणूनच ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘अद्याप नाही’ असे म्हणतात, आणि त्या मधल्या काळात उपचार देतात. ज्या केंद्रांत मुलाखत म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा शिक्का मानली जाते, तेथे रुग्ण उत्तरे पाठ करून येऊ लागल्यास नवल नाही.

ह्या सर्वांहून निराळी आहे ती विमा कंपन्यांची अट. अमेरिकेत कित्येक कंपन्यांनी, रुग्णाने तीन ते सहा महिने, क्वचित वर्षभरही, वैद्यकीय देखरेखीखाली आहारनियमन करून दाखवावे, अशी मागणी केली. एखाद्या महिन्याची भेट चुकली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ह्या अटीने शस्त्रक्रिया सुरक्षित होते असे दिसून आलेले नाही. अमेरिकेतील स्थूलता-शल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ च्या निवेदनात ही अट निराधार व अन्यायकारक ठरविली. शस्त्रक्रियेच्या आधी दोनेक आठवडे अल्पाहार देतात, त्याच्याशी हिची गल्लत करू नये. त्या अल्पाहाराने यकृत आकसते आणि त्याखाली झाकलेले जठर शस्त्रवैद्याला नीट दिसते. त्यामागे शरीररचनेचे कारण आहे. सहा महिन्यांच्या अटीमागे मात्र संशयावाचून दुसरे कारण शोधून सापडत नाही. वर्षानुवर्षे पथ्य करून थकलेल्या माणसालाच पुन्हा पथ्याची परीक्षा द्यावयास लावणे, आणि तोवर त्याचा मधुमेह वाढू देणे, ह्याला वैद्यकीय निकष म्हणणे कठीण आहे.

भारतीयांच्या बाबतीत अडसर ह्याही आधी, देहभारांकाच्या आकड्यापाशीच उभा राहतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा पाश्चात्त्यांचा आकडा भारतीय देहाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे उघड आहे. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, व सहविकार असल्यास ३२.५ अशी सुचविली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांकरिता ती २७.५ पर्यंत खाली आणली गेली. तथापि भारताच्या विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवाद-कलमात १९९१ चेच ४० आणि ३५ हे आकडे आहेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ८५ किलो वजनाच्या मधुमेही स्त्रीचा देहभारांक ३३.२ भरतो. २००९ आणि २०२२ ह्या दोन्ही निकषांनुसार तिच्या शस्त्रक्रियेचा विचार व्हावयास हवा; सदर कलमानुसार मात्र, तिची दुर्बिणीची, निद्रेची व मनाची परीक्षा यथासांग पार पडली तरी, तो खर्च विमा कंपनीवर बंधनकारक नाही.